लाल्याचा सीटीसी

"मॅडम, तुमच्याकडे बेबी आहे का? मागे कुणीतरी रडतंय.."

सोमवार, सकाळचे साडेदहा. पुण्याच्या एका क्लायंटबरोबर व्हिडिओ कॉल. स्क्रीनवर सहा चौकोन. पाच चौकोनांत मागे पुस्तकांची कपाटं, मनी प्लांट, एका साहेबांच्या मागे तर चक्क खोटा समुद्रकिनारा. सहाव्या चौकोनात मी. माझ्या मागे पत्र्याची भिंत, भिंतीवर खिळ्याला अडकवलेला कासरा आणि भिंतीपलीकडे एक उस्मानाबादी शेळी. हिला आपली दोन्ही पिल्लं पाच मिनिटं दिसली नाहीत की ती जगबुडी झाल्यासारखी ओरडते.

"ट्विन्स आहेत," मी म्हणाले. खोटं कुठे होतं?

"ओह, सो स्वीट! किती महिन्यांचे?"

"अडीच आठवड्यांचे. उड्या मारतात आता. काल माझ्या चार्जरची वायर खाल्ली."

त्यानंतर कॉलवर जी शांतता पसरली, ती मी आजवर फक्त पेमेंटचा विषय काढल्यावर अनुभवली होती.

तर मंडळी, नवीन वाचकांसाठी छोटासा रिकॅप. अस्मादिकांनी मास कम्युनिकेशनची डिग्री घेतली, पुण्यात नोकरी केली, मग 'आपण स्वतःचे बॉस व्हायचं' असा फंडा काढून फ्रीलान्सर झाले. फ्रीलान्सरचं उत्पन्न पावसासारखं आणि घरभाडं मात्र अमावस्या-पौर्णिमेसारखं, न चुकता येणारं. शेवटी २०२३ मध्ये बॅगा भरल्या आणि घरी आले. पैठणपासून थोडं पुढे, जायकवाडीच्या डाव्या कालव्याखाली आमचं शेत आहे. कापूस, तूर, थोडी मोसंबी. तुम्ही वर्क फ्रॉम होम करता, मी वर्क फ्रॉम गोठा करते, एवढाच काय तो फरक.

सध्याचा हेडकाउंट सांगते. म्हैस एक. बैल दोन. शेळ्या पाच, प्लस ट्विन्स. कोंबड्या आम्ही मोजत नाही, कारण मुंगूस तो आकडा टिकू देत नाही. आणि टायगर नावाचा एक कुत्रा, जो त्याच मुंगसाला बघून आईच्या मागे लपतो.

आता पैठण म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे पैठणी येते, पदरावरचा मोर येतो. बरोबर आहे. पण जनावरांच्या बाबतीत आमच्या गावाचा रेकॉर्ड एकदम सॉलिड आहे, बॉस! ज्ञानेश्वरांनी रेड्याच्या तोंडून वेद वदवले, ती गोष्ट पैठणची. त्या रेड्याची समाधी पार तिकडे जुन्नर तालुक्यात आळे गावी आहे आणि लोक आजही तिथे दर्शनाला जातात. दुसरी गोष्ट एकनाथ महाराजांची. काशीहून आणलेलं गंगेचं पाणी रामेश्वराला वाहायचं होतं. वाटेत एक गाढव तहानेनं तडफडत होतं. नाथांनी कावडीतलं पाणी त्याला पाजलं. आमच्याकडे बालवाडीच्या आधी या दोन गोष्टी पाठ होतात.

अशा गावातली मी. कम्युनिकेशनमध्ये फर्स्ट क्लास. आणि माझ्याच गोठ्यातल्या म्हशीशी मला कम्युनिकेट करता येत नव्हतं.

म्हशीचं नाव चंद्री. चंद्री फक्त आईला दूध देते. दुसऱ्या कुणी कासेला हात लावला की ती पान्हा चोरते. म्हणजे दूध असतं, पण ती सोडतच नाही. यामागे सायन्स आहे. ओळखीचा हात, ओळखीचा आवाज मिळाला की जनावराच्या मेंदूतून ऑक्सिटोसिन सुटतं आणि दूध खाली उतरतं. जनावर बिथरलं की अ‍ॅड्रेनलिन वाढतं आणि सगळा कारभार ठप्प. थोडक्यात, मीटिंगमध्ये बॉस समोर बसला की तुम्हाला आयडिया सुचत नाहीत ना, तसंच.

मागच्या महिन्यात आई मामाच्या पोरीच्या लग्नाला दोन दिवस माहेरी गेली. संध्याकाळी पप्पा बादली घेऊन बसले. चंद्रीनं एक लाथ मारली, बादली दावणीच्या पलीकडे. आमचे सालगडी मामा बसले. दुसरी लाथ. "ती पान्हा चोरायली," मामांनी एक्सपर्ट ओपिनियन दिलं आणि बिडी पेटवायला निघून गेले.

मग माझ्यातला कम्युनिकेटर जागा झाला. ऑडियन्सला काय हवंय ते ओळखा, असं कॉलेजात शिकवलं होतं. आई रानात जाताना साडीवर पप्पांचा जुना फुलबाह्यांचा शर्ट घालते. तो शर्ट चढवला. डोक्याला तिचा रुमाल बांधला. आणि आईला फोन केला, "मला एक व्हॉइस नोट पाठव. चंद्रीला जे म्हणतेस ते सगळं." दोन मिनिटांत नोट आली. मागे बँडबाजा, पोरांचा गलका आणि मधूनच आईचा आवाज, "चंद्रेऽऽ.. हं.. उभी ऱ्हाय माय.. हं.. शानी हाय माझी बाई.."

मोबाइल शर्टाच्या खिशात ठेवला, नोट लावली आणि बसले. चंद्रीनं मान वळवून माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत 'मी मूर्ख नाही' असं स्पष्ट लिहिलेलं होतं. पण मग तिनं निःश्वास टाकला आणि पान्हवली! पहिली धार बादलीत वाजली तेव्हा माझ्या डिग्रीचे सगळे पैसे वसूल झाले. तीन लिटर. आता फक्त एकच प्रॉब्लेम आहे. कालव्याच्या रस्त्यानं वरात चालली की चंद्री कान टवकारून उभी राहते.

इथपर्यंत सगळं मजेत. पण या वेळचा कॉलम चंद्रीवर नाही. तो लाल्यावर आहे.

लाल्या आणि पाखऱ्या ही आमची बैलजोडी. लाल्या लाल कंधारी. नांदेड जिल्ह्यातल्या कंधारची ही जात, तांबडाजर्द रंग. पाखऱ्या देवणी, पांढऱ्यावर काळे ठिपके. लाल्याचं वय सोळा. बैलाच्या हिशोबात हे वय म्हणजे पार्कात काठी टेकत फिरायचं. २०२३ च्या पेरणीनंतर तो जुवाखाली गेलेला नाही. नांगरणी ट्रॅक्टर करतो. पेरणी झाल्यावर कापसाच्या ओळींतली कोळपणी, रानाची वखरणी एवढं बैलांवर असतं आणि तेही पाखऱ्या शेजारच्या काकांच्या बैलाबरोबर सावडीनं करतो. त्यांचा एक, आमचा एक. लाल्या खातो, रवंथ करतो आणि संध्याकाळी मोठी आई, म्हणजे माझी आजी, बाहेर आली की तिच्या पदराला हुंगतो. जॉब प्रोफाइल संपलं.

२०२५ च्या सप्टेंबरात मराठवाड्यात पाऊस कसा कोसळला, ते तुम्ही बातम्यांत पाहिलं असेल. जायकवाडीतून गोदावरीत एवढं पाणी सोडावं लागलं की पैठणच्या सखल भागातल्या लोकांना घरं सोडावी लागली. आमच्या शेतात नदी आली नाही, पण पाऊस पुरेसा होता. कापसाची बोंडं झाडावरच सडली. गंजीतला कडबा भिजून काळा पडला. पुढे चारा विकत घ्यायची वेळ आली आणि एका रात्री जेवताना पप्पा म्हणाले, "औंदा खर्च कमी करावं लागतील."

कॉस्ट कटिंग! हा शब्द मला कळतो. मी ताटावरून उठले आणि लॅपटॉप आणला.

एक्सेल शीट केली. प्रत्येक जनावराची एक ओळ. चंद्री, नफ्यात. शेळ्या, बेस्ट परफॉर्मर. उस्मानाबादी शेळीला जुळी होणं नवलाचं नाही, त्यामुळे ग्रोथ दणदणीत. कोंबड्या, ना नफा ना तोटा, मुंगूस धरून. टायगर, सिक्युरिटी डिपार्टमेंट, नोटीस पीरियडवर. आणि मग लाल्याची ओळ. चारशे किलोचा बैल रोज आठ-दहा किलो कोरडा चारा खातो. विकतचा चारा, सरकी पेंड, मीठ-औषध धरून दिवसाला दीडशे रुपये. वर्षाला ५४,७५०. हा त्याचा सीटीसी. समोरच्या रकान्यात काम: शून्य.

"पप्पा, लॉजिकली बघितलं तर.." मी सुरुवात केली.

पप्पांनी स्क्रीनकडे बघितलं. काही बोलले नाहीत. मोठी आई मात्र चष्मा लावून जवळ आली. "माझी वळ कुठंय त्यात?"

"तुझी कशाला असेल?"

"मी बी काय काम करायले आता? सकाळी च्या, दुपारी भाकर, रातच्याला गोळ्या. टाक की."

विषय हसण्यावारी गेला. पण शीट सेव्ह झाली होती.

तुम्हाला वाटेल, हा एका बैलाचा प्रश्न आहे. तसं नाहीये. २०१२ च्या पशुगणनेत देशात गोवर्गातले नर, म्हणजे बैल, वळू, गोऱ्हे सगळे मिळून ६.७९ कोटी होते. २०१९ च्या गणनेत राहिले ४.७४ कोटी. सात वर्षांत दोन कोटींहून जास्त कमी! ट्रॅक्टर आला, शेतं वाटून लहान झाली, दावणीला दोन तोंडं वर्षभर पोसणं परवडेना. त्यात २०१५ मध्ये आपल्या राज्यात गायींबरोबर बैलांच्या कत्तलीवरही बंदी आली. कायद्याच्या बाजूनं-विरोधात भरपूर बोललं गेलं. शेतकऱ्याच्या दारात मात्र एक साधा प्रश्न उरला: म्हाताऱ्या बैलाचं करायचं काय? दुसरा शेतकरी तो विकत घेणार नाही. गोशाळेत द्यावा तर तिथेही जागा आणि चारा लागतोच. आणि तरी जो विकत घ्यायला येतो, तो कशासाठी घेतो हे विचारायचं नाही, अशी एक न बोललेली रीत असते.

तसा एक हेडी आमच्याकडे आला. गुरुवारी, दुपारी. लाल्याचा जबडा उघडून दात पाहिले, पाठीवर थाप मारली. मग खांद्यावरचा पंचा पप्पांच्या हातावर टाकला. बाजारातली जुनी पद्धत. पंचाखाली बोटं दाबून भाव सांगायचा, बघणाऱ्याला काही कळत नाही. मी ओसरीवरून फक्त पप्पांचा चेहरा पाहत होते. तोही पंचाखाली असल्यासारखाच होता.

"इचार करून सांगतो," पप्पा म्हणाले.

"रविवारी गाडी घेऊन येतो, दादा," हेडी म्हणाला आणि गेला.

त्या रात्री मी मोबाइलमधले जुने फोटो चाळत होते. असंच, झोप येईना म्हणून. २०२२ च्या सप्टेंबरातले पप्पांचे व्हॉट्सअ‍ॅप मेसेज सापडले. तेव्हा मी पुण्यात होते. महाराष्ट्रात लम्पी पसरला होता. जनावरांना ताप, अंगभर गाठी, पायांवर सूज. बाजार बंद झाले होते. शेळ्यांच्या देवीसाठी असलेली लस गायी-बैलांना टोचली जात होती. लस मिळायच्या आधीच लाल्या आजारी पडला. पप्पांनी मला रोज एक फोटो पाठवला होता. लाल्याची मान. लाल्याचे पाय. गाठी फुटून झालेल्या जखमा, त्यावर हळदीचा लेप. सहा रात्री ते गोठ्यात झोपले होते. फोटोखाली एक शब्द नाही, नुसते फोटो.

आणि माझं उत्तर? सहाही फोटोंना अंगठा. तो वर केलेला पिवळा अंगठा. एका क्लायंटची डेडलाइन होती तेव्हा. कोणत्या क्लायंटची, तेही आता आठवत नाही. लाल्या मात्र वाचला.

शनिवारी सकाळी पाखऱ्याला वखराला जुंपायचं होतं. काकांचा बैल आला. लाल्याला नेहमीसारखं सोबत न नेता गोठ्यातच बांधून ठेवलं, कारण उद्या गाडी येणार. मामांनी जू चढवलं, "हाऽऽ" केलं. पाखऱ्या हलेना. शेपूट पिळली, कासरा ओढला. ढिम्म! मान वळवून गोठ्याकडे बघत उभा. काकांचा बैल एकटाच दोन पावलं पुढे गेला आणि वखर आडवा झाला. अर्धा तास हे चाललं. शेवटी मामा वैतागून म्हणाले, "त्येला म्हातारा दिसत न्हाई म्हणून आडलाय त्यो. रोज धुऱ्यावर बांधतो ना आपण लाल्याला."

मी धावत गेले. लाल्याला सोडलं, बांधावरच्या लिंबाखाली आणून बांधला. लाल्यानं बसायला जागा बघितली, खाली बसला आणि रवंथ सुरू केला. पाखऱ्यानं त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि चालायला लागला. एकदम सरळ. जणू काही झालंच नव्हतं.

मी जाम खूश! लाल्या तर सीनियर कन्सल्टंट निघाला! धावतच ओसरीवर आले, लॅपटॉप उघडला. 'काम: शून्य' खोडलं. पाखऱ्या चालला नाही तर वखरणी भाड्यानं करून घ्यावी लागेल, तो खर्च वाचला, असा नवीन रकाना टाकला. पप्पा पाणी प्यायला आले तेव्हा स्क्रीन त्यांच्याकडे फिरवली.

"पप्पा, बघा! लाल्या वसूल आहे. लॉजिकली त्याला विकायची गरजच नाही."

पप्पांनी शांतपणे तांब्या संपवला. तोंड पुसलं.

"अन् उद्या पाखऱ्या एकटा चालायला शिकला तर?"

माझ्याकडे रकाना नव्हता.

मोठी आई ओसरीच्या कोपऱ्यात लसूण सोलत बसली होती. मान वर न करता म्हणाली, "माय, नाथानं गाढवाला पाणी पाजलं, तवा इचारलं व्हतं का, वझं किती वाहतो म्हणून?"

मग थोड्या वेळानं, लसणाशी बोलावं तसं, तिनं ते सांगितलं जे ती कधी फारसं सांगत नाही. धरण झालं तेव्हा शंभराहून जास्त गावं पाण्याखाली गेली. लालबहादूर शास्त्रींनी १९६५ मध्ये पायाचा दगड ठेवला, १९७६ मध्ये इंदिरा गांधींनी उद्घाटन केलं, हे आम्ही शाळेत पाठ केलं होतं. मधल्या वर्षांत काय झालं, ते मोठी आई पाहून आलेली. नवीन लग्न झालेलं. घराची दारं-खिडक्या काढून बैलगाडीत भरल्या, वर जातं, वर ती बसली. आबा बैलांच्या पुढे चालत होते. "नव्या जागी गेल्यावर पहिल्या साली काईच पिकलं न्हाई. आंगावरचं सोनं गेलं, भांडी गेली. लोक म्हणायचे, बैल इका. आबा म्हणले, ज्येंनी घर वढून आणलं त्येला घरातून कसं काढू?"

ती जोडी कधीच गेली. लाल्याचा तिच्याशी काही संबंध नाही. पण पप्पा ती गोष्ट ऐकतच मोठे झाले होते. हेडीच्या पंचाखाली त्यांचा चेहरा का दिसत नव्हता, ते मला तेव्हा कळलं.

पप्पांनी खिशातून फोन काढला. "उद्या गाडी आणू नका. न्हाई द्यायचा." एवढंच. ना भाषण, ना बॅकग्राउंड म्युझिक. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "पण त्या तुझ्या कागदातला आकडा खोटा न्हाई, बाई. पैसे तर लागतेतच."

खरंय. आकडा खोटा नव्हताच. दया आली म्हणून चारा स्वस्त होत नाही. अमुक शेतकऱ्यानं म्हातारा बैल विकला म्हणून त्याला नावं ठेवायचा हक्कही मला नाही. आमच्याकडे चंद्रीचं दूध आहे, मोसंबी आहे, माझी खरडपट्टी आहे. ज्याच्याकडे यातलं काहीच नाही, तो पंचाखाली बोट देतो तेव्हा त्याच्याही घरात कुणीतरी ओसरीवरून बघत असतं.

तर आता आमच्यात एक करार झालाय. चारा पप्पांचा, पेंड माझी. रोजची चाळीस रुपयांची पेंड, म्हणजे महिन्याला बाराशे. हा खर्च या कॉलमच्या मानधनातून निघणार. तेव्हा संपादक महोदय, पुढच्या वेळी 'पेमेंट प्रोसेसमध्ये आहे' असा मेल करण्यापूर्वी एवढं लक्षात ठेवा, की उशीर मला चालतो, लाल्याला नाही. चंद्री दिवसातून दोनदा पेमेंट करते, फक्त समोर योग्य माणूस बसावा लागतो.

एक्सेल शीट मी डिलीट केली नाही. फक्त लाल्याच्या ओळीत 'काम' या रकान्याखाली मोठ्या आईनं सांगितलं ते टाईप केलं: झालंय करून.

आज पुन्हा कॉल होता. तेच सहा चौकोन, तोच खोटा समुद्रकिनारा. या वेळी मी शहाणपणा करून शेळीपासून लांब, लिंबाखाली बसले होते. मध्येच एक तांबडं तोंड माझ्या खांद्यावरून पुढे आलं आणि कॅमेऱ्यावर फुर्रकन श्वास सोडला.

"मॅडम.. हे कोण?"

"आमचे सीनियर," मी म्हणाले. "रिटायर झालेत. पण मीटिंगला बसायची सवय सुटत नाही."